सत्तावीस नग

यवतमाळचा कुरिअरवाला फोनवर म्हणाला,
प्रत्येक नगाची लांबी लिहा, पातं वेगळं, मूठ वेगळी,
किंमत लिहा, आणि कशासाठी ते लिहा.
'कशासाठी' हा रकाना
दोन बोटं रुंद.

बाबा घाटंजीच्या बाजारात सायकल उभी करायचे,
पायडल मारलं की धारेचं चाक फिरायचं.
लोक सुरी टाकून भाजीला जायचे.
काही परत आलेच नाहीत.
बाबांनी त्यांतली एकही विकली नाही.
"येतीन न," म्हणायचे,
आणि सांजेला पिशवी जड करून घरी.

आता त्यांना माणसाचं तोंड दिसत नाही, नुसता आकार दिसतो.
ब्रेमेनच्या दवाखान्यात मी रात्रपाळी करते,
सुट्टी अठरा दिवसांची, त्यातले अकरा गेले.
"घेऊन जाय," ते म्हणाले, "इथं गंजतीन."

रहेमतभाईंची सुरी, घासून घासून तिला कंबर आलेली.
विळीचं एक पातं, पाट नाही.
संत्र्याची कलमं बांधणाऱ्या कुणाचा चाकू,
वरुडकडचा माणूस, नाव विचारायचं राहिलं.
अंबाडे सरांची बेडूक फाडायची सुरी;
सरांची बदली झाली, सुरीची नाही.

मी कापूस आणला तर बाबा ओरडले,
"कापसात नोको ठिवू, कापूस ओल धरते.
तेल शिलाई मशीनचं लाव, खोबऱ्याचं खवट होते."
मग आम्ही जुन्या लग्नपत्रिका काढल्या,
जाड, सोनेरी काठाच्या,
दुमडून एकेका पात्याला म्यान केलं,
वरून सायकलच्या ट्यूबची कापलेली रिंग.
चि. आणि चि. सौ. कां. यांच्या मधोमध
एकेक धार निजली.
बाबा प्रत्येक टोक अंगठ्यानं तपासत होते:
"खोकं खोलनारा बी कोनाचा तरी लेक हाये."

बटनाचा चाकू तिकडे चालत नाही. तो काढला.
सांबरशिंगाची मूठ देशाबाहेर जात नाही. तीही काढली.
पंचवीस.
मी यादी पुन्हा लिहिली, चांगल्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी
फटफटीवरून एक पोरगा आला, गळ्यात मोबाईल.
म्हणाला, रेवाबाई आत्रामचा नातू.
आजी म्हणते, धारेवाल्याकडे विळा राहिला,
मुठीला तांब्याची तार.

बाबांनी मला खोकं उघडायला लावलं.
टेप दातानं तोडला, तिसऱ्या थरात सापडला.
"थांब," ते पोराला म्हणाले, "धार उतरली असन."
सायकल बाहेर काढली.
डोळे मिटूनच बसले, तसंही दिसत नाही,
पातं चाकाला टेकवून कान त्याच्याकडे नेला.
आवाज बारीक झाला तसे थांबले.

पोरानं शंभराची नोट काढली.
"दोन रुपये," बाबा म्हणाले. "तवाचा भाव तोच होता."
दोन रुपये त्याच्याकडे नव्हते.
कुणाकडेच नव्हते. शेवटी मी दिले.

चोवीस.

कशासाठी, या रकान्यात मी लिहिलं: परत करायच्या आहेत.
कुरिअरवाला म्हणाला, ताई, असं चालत नाही,
'संग्रह' लिहा.
मी संग्रह लिहिलं.
वजन सहा किलो चारशे.

निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी गेरू कालवला
आणि मला रस्त्याकडच्या भिंतीवर लिहायला सांगितलं,
सुरी न्यायची राहिली असल्यास,
आणि खाली माझा पत्ता, पुरा, पिनकोडसकट.
त्या गल्लीचं नाव एवढं लांब
की भिंत संपली,
उरलेलं मी गोठ्याच्या दारावर नेलं.

दार उघडं असलं की
पत्ता अर्धाच वाचता येतो.
बाबांना सांगितलं.
"मंग लावून ठिवीन," म्हणाले.